कानामेची जागा

कुशिरो, ५ ऑक्टोबर १९७५

कानामे भावजी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तुम्ही ते न फोडताच भिरकावून द्याल, म्हणून पत्ता ओगाताकडून लिहून घेतला. ड्रमवाल्याचं अक्षर ते, पोस्टमनला लागलं तर नशीब. आता फोडलंच आहे तर पुरतं वाचा. नऊ वर्षांत तुमच्या वहिनीनं तुमच्याकडे काहीही मागितलेलं नाही.

तुमच्या दादांचे वरचे पुढचे दात काढले. बाकीचेही हलतायत. डॉक्टर म्हणाला, हिरड्याच खराब, हा आईकडून आलेला वारसा. सासूबाई नेहमी म्हणायच्या, लढाई संपल्यावर काराफुतो बेट सोडताना बोटीतून मी दोन मुलगे आणि एक पितळी किटली एवढंच आणलं. हिरड्यांचं काही बोलल्या नव्हत्या.

दातांचं अजून कुणाला कळू दिलेलं नाही. तोंडाला मास्क लावून हिंडतात आणि सर्दी झाली म्हणून सांगतात. महिनाभर टिकलेली सर्दी मी पहिल्यांदाच पाहते आहे. कवळी बसवली, पण ट्रम्पेट ओठाला टेकवला की ती आत सरकते आणि सुराऐवजी नुसता वारा येतो. सॅक्सोफोन कसाबसा जमतो, अ‍ॅकॉर्डियनला दात लागत नाहीत. ट्रम्पेट मात्र संपला.

गिनत्सुरु नाचघरात अजून तोच रिवाज आहे. छोटा बँड उतरतो, आपला चढतो, आणि मधे सूर तुटता कामा नये. आपल्या एकेकानं जाऊन वाजवणाऱ्याच्या शेजारी उभं राहायचं, तीच चाल धरायची, मग त्यानं उठायचं. ओगाता तर दुसऱ्याच्या हातातल्या काठ्या ठेका न मोडता काढून घेतो. माशाच्या पिलाला पोहायला काय शिकवायचं, तुम्ही तिथेच वाढलात. इवाबुची मालकांचं म्हणणंही तेच आहे : संगीत थांबलं की माणसं बसतात, बसली की घड्याळ बघतात, घड्याळ बघितलं की बिल मागतात.

त्या बदलीच्या चालीत मधोमध एकट्या ट्रम्पेटचा तुकडा आहे. तुम्ही गेल्यापासून तो तुमचे दादाच वाजवत आले. आता अ‍ॅकॉर्डियनवर ओढतात आणि मालकांच्या कपाळाला आठी पडते. मार्चात करार संपतो. तेव्हा मालक स्वतः बसून ऐकणार आणि ठरवणार. ट्रम्पेट नसेल तर नऊ जणांना नारळ.

म्हणून लिहिते, परत या. निदान मार्चापुरते या. हे मी माझ्या मनचं लिहीत नाही, तुमच्या दादांनीच सांगितलं, कानामेला बोलाव म्हणून.

फुमिनो

*

कुशिरो, ११ नोव्हेंबर १९७५

भावजी,

खोकं पोहोचलं. संत्री चांगली गोड आहेत. पण आत चिठ्ठीचा कपटासुद्धा नाही. मी माणसाला पत्र लिहिलं होतं, संत्र्यांना बोलता येत नाही.

यांनी खोक्याकडे बघून विचारलं, "कुणी पाठवली?"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीनं."

"तुझी बहीण अकितात असते. तिथं बर्फात संत्री पिकायला लागली?"

मी दुकानात विकायच्या ओदेनच्या रश्शाच्या पातेल्यात मुळा ढवळत राहिले. हे खोक्याशेजारी बसून सोलत गेले आणि खात गेले, बिनदाताच्या माणसाला दुसरं फळ तरी कुठलं जमणार? मग खोक्यावरच्या पत्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "अक्षर अजून तसंच तिरपं आहे."

तेव्हा माझी चोरी पकडली गेली आहे असं समजा, आणि दुसरीही कबूल करून टाकते. त्यांनी तुम्हाला बोलावलेलं नाही. तुमचं नावही घेत नाहीत. मला वाटलं, दादाचा निरोप म्हटलं की तुम्ही याल.

मालकांनी ओबिहिरोचा एक ट्रम्पेटवाला सुचवला होता. तरणा आहे, वाजवतोही बरा म्हणे. हे म्हणाले, "ती जागा रिकामी नाही."

मालक म्हणाले, "मग तिथं बसलंय कोण?"

"मी."

"आणि तोकुजी, तुझ्या जागेवर कोण बसलंय?"

"तिथंही मीच."

मालकांना हसू आवरेना. हसता हसता एवढंच म्हणाले, "मार्चात बघू." मला काही हसू आलं नाही.

तुम्ही धाकटे, तुम्हाला सगळं आठवत असेल नसेल. लग्न होऊन मी आले तेव्हा हे फक्त सॅक्सोफोन वाजवायचे. क्लॅरिनेटवाला छातीच्या दुखण्यानं गेला, यांनी क्लॅरिनेट उचललं. अ‍ॅकॉर्डियनवाला बायकोच्या गावी शेती करायला गेला, यांनी अ‍ॅकॉर्डियन गळ्यात घातलं. बासवाला जुगाराच्या भानगडीत रातोरात पळाला, आठवड्याभरात हे बास खाजवायला लागले. लोक म्हणायचे, काय गुणी माणूस, पाच वाद्यं येतात! मला पुढेपुढे धडकीच भरायची. घरात नवीन वाद्य आलं की समजायचं, कुणीतरी सोडून गेलं. तुमचा ट्रम्पेट शेवटचा. तो ते स्वतः पुसतात, मला हात लावू देत नाहीत.

आणखी काय लिहू? इथं पुष्कळ बोटी परतल्या आहेत, नाचघर भरलेलं असतं. यायचं की नाही ते सरळ लिहा.

फुमिनो

*

कुशिरो, ९ डिसेंबर १९७५

भावजी,

पत्र मिळालं. तीन ओळी लिहिल्यात, पण तिन्ही मिरचीच्या. "दादाला माझी गरज होती कधी? मी खाली उतरलो त्या संध्याकाळी सूर तुटला का, एवढं त्याला विचारा. मी मागच्या दाराशी उभा राहून ऐकत होतो."

पहिल्यांदा मला संतापच आला. म्हटलं, हा मनुष्य ऐन बदलीच्या चालीत ट्रम्पेट खुर्चीवर ठेवून मधूनच उतरतो, मासळीच्या खोक्यांशी उभा राहून कान देतो, आणि वर दादानं वाजवणं थांबवलं नाही म्हणून रुसतो! काय करायला हवं होतं त्यांनी? सॅक्सोफोन खाली ठेवला, तुमचा ट्रम्पेट उचलला आणि तुकडा पुरा केला. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

मी त्या संध्याकाळी नाचघरामागच्या माझ्या दुकानाच्या खिडकीतून ऐकत होते. रोज ऐकायची. तुम्ही गेलात हे मला सुरावरून कळलं नाही, हे खरं आहे. ओगाता धावत सांगायला आला तेव्हा कळलं.

शेवटी धीर करून तुमच्या ओळी यांना वाचून दाखवल्या. हे चुलीपुढं बसून कवळी घासत होते. ती धुऊन पालथी ठेवली. मग म्हणाले, "त्याचे वरचे सूर जायला लागले होते."

"कुणाचे?"

"कानामेचे. जायच्या आधी वर्षभर. ओठ थकला होता त्याचा. वरचा सूर येईल अशी खात्री नसायची. मी मागे उभा राहून कॉर्नेटवर, त्या छोट्या ट्रम्पेटवर, तो धरायचो. मालकाला कळलं नाही, ओगाताला कळलं नाही. कानामेलाही नसेल कळलं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? धाकटा भाऊ आहे माझा. त्याचं मी नाही झाकणार तर कोण झाकणार? झाकली मूठ सव्वा लाखाची."

भावजी, तुम्हाला माहीत होतं का हो? तेवढंच लिहा. बाकी मी काही मागत नाही आता.

फुमिनो

*

कुशिरो, ८ जानेवारी १९७६

भावजी,

नवं वर्ष लागलं. यांच्यासाठी तांदळाच्या चिकट मोचीचे इतके बारीक तुकडे केले की रश्शात दिसेनात, तरी एक कवळीला चिकटलाच. मी हसले, हेही हसले. तेव्हाच पोस्टमन आला.

तुमचं लांबलचक पत्र आधी मी एकटीनं मोरीत उभी राहून वाचलं.

माहीत होतं तर. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वरच्या सुराला लोक टाळ्या वाजवायचे, बोटीवरचे तांडेल तुमच्यापुढे बियर आणून ठेवायचे, पाठ थोपटायचे, आणि ती थाप दादाची आहे हे कळूनही तुम्ही मान लववायचात. आणि मग ती संध्याकाळ. तुम्ही लिहिलंय, "मी फुंकलंच नव्हतं, वहिनी. खरं काय ते बघायचं म्हणून नुसता ओठाला लावून उभा राहिलो. सूर वाजला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ट्रम्पेट खाली घेतला, तरी सूर चालूच होता." तुम्ही तेवढ्यावर उतरून गेला असतात तरी मी समजू शकले असते. पण त्याच संध्याकाळी पुन्हा बदलीची चाल येईपर्यंत थांबलात, दादाला आणखी एक संधी दिलीत, आणि दादानं तुमची रिकामी खुर्चीही भरून काढली.

"एकदा मला पडू द्यायला हवं होतं," असं लिहिलंयत. मला आधी हे पटलं नाही. पडणाऱ्याला धरायचं नाही, हे कुठलं शहाणपण? पण दिवसभर डोक्यात तेच घोळत होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही चौदा वर्षांचे होतात. गच्चीवर तो पोचे पडलेला कॉर्नेट फुंकत बसायचात आणि शेजारीण झाडू आपटायची. तेव्हा तुम्ही चुकायचात आणि सगळ्या गल्लीला कळायचं की हा कानामे चुकतोय. पुढे पुढे तुमचं काहीच ऐकू येईनासं झालं, आणि मला वाटलं, पोरगा तयार झाला.

संध्याकाळी यांना पत्र दिलं. दोनदा वाचलं. म्हणाले, "त्यानं सांगायचं तरी."

मी म्हटलं, "तुम्ही विचारायचं तरी."

"काय विचारणार? तुझा ओठ गेला का, असं? बँडवाल्याला असं विचारतात?"

"मग आता तुमच्या दातांचं कुणी विचारलं तर?"

यांनी उठून मास्क लावला आणि बर्फ उपसायला गेले, अंगणात उपसण्याजोगा बर्फ नसताना. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणावर राग धरायचा?

तुम्ही सिमेंटचा ट्रक चालवता, नऊ वर्षांत ट्रम्पेटला ओठ लावलेला नाही, हेही वाचलं. इथं मात्र ओगाता सगळ्यांना सांगत फिरतो की कानामे तिकडे कावासाकीच्या मोठ्या हॉटेलात वाजवतो. मी त्याचा गैरसमज दूर करणार नाही. आणि परत या, असंही म्हणणार नाही. तुम्ही येऊन वाजवणार तरी कशानं? ओबिहिरोच्या त्या पोराला बोलवा, म्हणून मी आता यांच्या मागे लागणार आहे. नऊ घरांच्या चुली आहेत, आपल्या घरच्या रुसव्यावर त्या विझवता येत नाहीत.

फुमिनो

*

कुशिरो, २ मार्च १९७६

भावजी,

घाईत लिहिते. मालक सतरा तारखेला ऐकायला बसणार. सापोरोचा एक बँडही त्यांच्या नजरेत आहे. हे ओबिहिरोच्या पोराला बोलवत नाहीत. मी भांडले, रडले, ओदेनचं दुकान तीन दिवस बंद ठेवलं. ऐकत नाहीत. ट्रम्पेटचा तुकडा अ‍ॅकॉर्डियनवर वाजवायचंही त्यांनी मध्यंतरी सोडून दिलं होतं, मालकांनी झापल्यावर पुन्हा धरलं. डोक्यात काय शिजतंय कळत नाही.

वाजवायला नव्हे, नुसतं ऐकायला याल का? भाड्याचे पैसे पाठवू?

फुमिनो

*

कुशिरो, २४ मार्च १९७६

भावजी,

तुम्ही आला नाहीत. ट्रक सोडून येता येत नाही, हे तुमच्या कार्डावरून कळलं. यायला हवं होतं, असं आधी वाटलं. आता वाटतं, आला असतात तर त्यांनी तुमच्याकडे बघून केलं, असं झालं असतं. तुम्ही नसताना केलं, म्हणून लिहिण्यासारखं आहे.

सतरा तारखेला दुपारी यांनी सगळ्यांना माझ्या दुकानात बोलावलं. ओदेन वाढलं. मग मास्क काढला, कवळीही काढली आणि बशीत ठेवली. सगळ्यांच्या ओळखीचा चेहरा, पण कुणी ओळखेना. म्हणाले, "सर्दी नव्हती."

ओगाता म्हणाला, "ते आम्हाला ऑक्टोबरापासून ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही झाकताय म्हटल्यावर आम्ही कशाला उघडायचं? तुमच्याकडूनच शिकलो."

मग यांनी तुमची गोष्ट सांगितली. कॉर्नेटची, वर्षभराची, सगळी. तुमचा ओठ गेला हे सांगताना तुमची परवानगी घेतली नव्हती, त्याबद्दल रागवायचं तर रागवा. आणि म्हणाले, "आज बदलीच्या चालीत कानामेचा तुकडा मी वाजवणार नाही. दुसरंही कुणी वाजवायचं नाही. ती त्याची जागा आहे, आणि तो नाही. यात तुमची पोटं आहेत, हे मला कळतं. एकानं जरी नको म्हटलं तर मी गपचूप अ‍ॅकॉर्डियन घेईन."

दोघांनी नको म्हटलं. सरळ म्हटलं, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही, एकाची बायको सातव्या महिन्यात आहे. हे लगेच म्हणाले, "ठीक. विषय संपला." ओगाता उठला. त्या दोघांना बाहेर घेऊन गेला. काय बोलला देव जाणे. परत आले तेव्हा सातव्या महिन्यावाला म्हणाला, "तोकुजी-सान, मी गेल्या वर्षी दारू पिऊन पडलो होतो तेव्हा माझी जागा कुणी भरली?"

"मी."

"मला वाटलंच. मला कुणी विचारलंच नाही, तू काल कुठं होतास म्हणून." आणि मान हलवून म्हणाला, "वाजवू नका." दुसऱ्यानंही होकार दिला.

संध्याकाळी मी पहिल्यांदाच मागच्या दारानं आत जाऊन उभी राहिले. बोटी आल्या होत्या, माणसं खचाखच. मालक खांबाशेजारी बसले होते. छोटा बँड उतरायला लागला. आपले एकेक चढले. ओगातानं काठ्या घेतल्या. हे सॅक्सोफोन घेऊन पुढे उभे राहिले, बिनमास्कचे. तुमची खुर्ची पहिल्या ओळीत, तिच्यावर ट्रम्पेट ठेवलेला.

तुकडा आला आणि सगळे थांबले.

ओगाताही थांबला. मी इतकी वर्षं त्या घराच्या पाठीला राहते, तिथं एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. नाचणारे जागच्या जागी उभे राहिले. एका म्हाताऱ्या तांडेलानं आपल्या जोडीदारणीच्या कमरेवरचा हात काढलाच नाही, तो तसाच उभा. कुणीतरी विचारलं, "काय झालं?" दुसरा म्हणाला, "ट्रम्पेटवाला नाही." तुमचं नाव त्याला माहीत नव्हतं, पण तुम्ही नाही हे त्याला ऐकू आलं. आणि हे त्या खुर्चीकडे बघत उभे होते, डोळ्यांतून पाणी चाललेलं, पुसलं नाही. त्यांच्या हातात वाद्य असताना त्यांना नुसतं उभं राहिलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. भावजी, मला ते बघवेना.

मग तुकड्याची वेळ संपली आणि बँड पुढे वाजला. चांगला वाजला.

मालकांनी दुसऱ्या दिवशी सापोरोवाल्यांना बोलावलं. रागावले नाहीत, म्हणाले, "तोकुजी, तुला जे करायचं ते तू केलंस, मला जे करायचं ते मी करतो." ओगाता मासळीच्या कारखान्यात लागला आहे. सातव्या महिन्यावाल्याला मी दुकानात घेतलं, त्याला मुळा सोलता येत नाही. तिघांना अजून काही नाही. हे सगळं तुमच्या एका प्रश्नाच्या उत्तरापायी झालं, आणि उत्तर द्यायला नऊ वर्षं उशीर झाला. कधी मला वाटतं, बरं केलं. कधी पहाटे जाग येते आणि त्या तिघांच्या बायकांचे चेहरे दिसतात. दोन्ही खरं आहे.

खाली हे स्वतः लिहितायत. मला बाहेर जायला सांगितलं, पण मी गेलेली नाही.

फुमिनो

*

कानामे,

तू विचारलं होतंस. त्या संध्याकाळी सूर तुटला होता. मी लोकांना ऐकू दिला नाही.

वाजवायला नको. जेवायला ये.

तोकुजी